उघड्या दरवाजांत गुदमरलेल्या सरदारांची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. जिच्या कृपेने भिंतीतील भोकांतून तेज येते आणि जिच्या कोपाने मोठमोठे चक्रवर्ती अंधारांत बसून बंद पंख्याकडे पाहतात, त्या देवीस आधी नमस्कार. मग श्रोत्यांस नमस्कार. आणि मग ज्यांची कीर्ती लिहावयाची त्यांस नमस्कार करावा ऐसी रीत आहे, परंतु पुढील मजकूर पाहता तो नमस्कार तूर्त राखून ठेविला आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ मास. ते समयीं एक राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले असता त्याचे अभिमानी हातचे काम टाकून भांडावयास येतात. हे राज्य भूमीवर नव्हते, हातांतील यंत्राच्या काचेंत होते, आणि त्यांत पर्वत, नद्या, किल्ले, असुर आणि कोंबड्या ऐसे यथास्थित सर्व होते, आणि देशोदेशीचे लोक आपापले घरी गादीवर लोळत पडून त्यांत पराक्रम करीत. कोणाचा पाय चिखलांत भरत नसे, कोणास खरचटत नसे, आणि मानपान मात्र ऐसा की लग्नांतील व्याह्यांनी येऊन शिकून जावे. ज्यास घरी चहा दुसऱ्यांदा मागता येत नाही तो तेथे प्रळयभैरव, आणि जो पालीस भिऊन खोलीबाहेर निजतो तो तेथे असुरमर्दन. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, येथे तर वाळाही काचेतलाच. ऐसे ते राज्य.

त्या राज्यांत नवा मनुष्य आला त्याची ही हकीकत. भालचंद्र नेर्लेकर नामे एक गृहस्थ, मूळचा कृष्णाकाठचा, वय चाळिशीच्या पुढे, बायकोपोर नाही, तेलंग देशी एका कागदाचे कारखान्यांत भांडारावर कारकून म्हणून बदली होऊन गेला. तेथील भाषा त्यास येईना आणि त्याची भाषा तेथे कोणास कळेना. डबा आणणारा दाराशी येऊन 'डब्बा' म्हणे आणि हा 'हो' म्हणे, इतके सारे दिवसाचे संभाषण. मनुष्य मूळचा बडबड्या. गावी असता एस्टीच्या थांब्यावर उभा राहिला तरी दोन नवे नातेवाईक जोडून घरी येई. तेथे त्याची बडबड पोटांत साचून राहिली आणि तो मनांत झुरू लागला. मग एके दिवशी यंत्रावर जाहिरात दिसली की, 'या, लाखो सोबती तुमची वाट पाहत आहेत.' शहाण्याने पाहून सोडून द्यावी ऐसी गोष्ट. याने खरी मानिली. लाख राहोत, एक सोबती मिळाला तरी पुरे ऐसे मनांत आणून राज्यांत प्रवेश केला. वेशीवर नाव पुसले. याने भालचंद्र सांगितले, तो उत्तर आले की या नावाचा मनुष्य आधीच आहे. मग भालचंद्र नवा सांगितले, तो तोही होता. मग भालचंद्र नवा दोन ऐसे नाव मंजूर जाहले, आणि पुढे सर्व राज्यांत त्यास नवादोन म्हणू लागले. मग पेशा पुसला. तरवारबहाद्दर, धनुर्धर, मांत्रिक ऐसी चित्रे मांडली होती, आणि कोपऱ्यांत एक वैद्य होता, त्याचा अंगरखा स्वच्छ दिसला आणि चेहरा आपल्या गावच्या डॉक्टरासारखा वाटला, सबब याने वैद्यकी घेतली. हे तरवार टाकून खुळखुळा उचलण्यासारखे आहे हे त्यास सांगावयास कोणी नव्हते.

मग बाजारांत वाण्याचे दुकानी गेला. वाणी म्हणाला, "या पाहुणे, काय हवं?" इतके दिवसांनी स्वभाषेंत कोणी पुसले म्हणून नेर्लेकरास गहिवरून आले, आणि त्याने आपले गाव, बदलीचा हुकूम कसा आला, वरणांत तेथले लोक चिंच किती घालतात, हे सर्व टंकून निवेदन केले. वाणी सर्व ऐकून म्हणाला, "या पाहुणे, काय हवं?" हा दुसरे दिवशी पुन्हा गेला. तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका धनुर्धराने उभे राहून सांगितले, "ओ काका, तो माणूस नाहीये. तो गेममधलाच आहे, त्याच्यामागे कुणी नाही." नेर्लेकर म्हणाला, "मग तुम्ही माणूस आहात का?" धनुर्धर आपले वाटेने निघून गेला. त्या राज्यांत माणसे आणि बाहुली यांत भेद तो इतकाच की बाहुली निदान या पाहुणे म्हणतात.

आता राज्याची व्यवस्था ऐसी की एकट्याने काही होत नाही, जथ्यांत शिरावे लागते. थोर जथा तो रणमार्तंड जथा. त्याचे धनी वज्रदेह महाराज, मृत्युलोकीं ते न्हाणीघराच्या फरशा विकण्याचे दुकानी मॅनेजर. आणि त्यांचे दिवाण रणधुरंधर, हे दुसऱ्यांदा बारावीस बसले होते. जथ्याची चाल ऐसी की महाराज राज्यांत अवतरले म्हणजे सर्वांनी तीन वेळा मुजरा लिहावा, आणि ज्याचा मुजरा मागाहून आला त्याने सायंकाळपर्यंत बोलू नये. आणि पंधरवडा टिकला त्यास पदवी. तेणेकरून जथ्यांत चाळिसांवर सरदार जाहले, त्यांत सेनापती, महासेनापती, सरसेनापती, आणि ज्यास काहीच उरले नाही तो अतिसेनापती; शिपाई एकही नाही. आणि वैद्य तर औषधास नाही. वैद्याचे काम काय, तर दुरून हात करून जखमी सरदाराची जखम भरावी. परंतु लढाई सरल्यावर फलक लागे, त्यावर कोणी किती घाव घातले तेवढेच दिसे. कोणी किती जखमा भरल्या यास रकानाच नव्हता. ज्या कामास रकाना नाही ते काम सरदार कशास करील? सबब सर्वांनी तरवारा घेतल्या. नेर्लेकराने अर्ज केला, "मला तुमच्यात घ्या. मी कुठलंही काम करीन." महाराज म्हणाले, "बरं, आधी सेवा कर. मग बघू आत घ्यायचं का." दिवाण म्हणाले, "आणि प्रत्येक वाक्याआधी मुजरा लिहायचा काका, विसरायचं नाही." मग याने लाकडे तोडली, पाला गोळा केला, कोठारांत भरला आणि वाक्याआधी मुजरा लिहिला. घरी पाणी भरण्यास कंटाळणारा मनुष्य परक्याचे काचेंतील रानांत लाकडे फोडीत बसला, याहून फजिती ती काय? परंतु त्यास आत घेण्याचे वचन होते, आणि त्या वचनावर तो कारखान्यांतून धावत घरी येई.

मग मोहीम निघाली. राज्याचे शेवटास एक किल्ला, त्यांत धूम्राक्ष नामे असुर, त्याचे मस्तकीं मुकुट. जो जथा असुर मारून मुकुट बाहेर आणील तो सर्वांत थोर. किल्ल्यास शेजारी शेजारी दोन दरवाजे, दर दरवाजाबाहेर एक चाक. चाकावर बोट दाबून धरिले तोवर दरवाजा उघडा, सोडिले की बंद. तेव्हा दर जथ्याचा एक मनुष्य बाहेर राहणे प्राप्त. त्यास लढाई नाही, लूट नाही, नाव नाही. सरदारांनी चाक धरणे इभ्रतीस बाध, सबब रणमार्तंडांनी नेर्लेकरास लाविले, आणि महाराज म्हणाले, "एवढी मोहीम कर, मग आत." दर रविवारी दोन प्रहरीं मोहीम होई आणि दर रविवारी चाळीस तरवारा आत जाऊन चाळीस प्रेते होत, कारण घाव घालणारे सर्व आणि भरणारा कोणी नाही. मग सभा भरे. कोणी म्हणे नेट खराब, कोणी म्हणे शत्रूंनी हेर घातला, आणि महाराज म्हणत, "चाकावरचा नवा पनवती आहे." नाचता येईना तर अंगण वाकडे म्हणावे, येथे अंगणही नेर्लेकरच.

दुसरे दरवाजाचे चाकावर शत्रूकडील कालभुजंग जथ्याने आपला नवा मनुष्य लाविला होता, त्याचे नाव तडफदार तात्या. मिशा कानापर्यंत, खांद्यावर फरशी कुऱ्हाड. दोघे रविवारी रविवारी अंगठा दाबून शेजारी उभे. शत्रूशी बोलू नये ऐसी दोन्हीकडे ताकीद, परंतु नेर्लेकर तो नेर्लेकर. म्हणाला, "काय तात्या, बरं आहे ना?" तो तात्याचे मिशांतून बाईचा आवाज आला, "बरं हाय की. तुमचा बी अंगठा दुखतोय न्हवं?" ती हुपरीची रत्नप्रभा मगदूम, ब्लाउज शिवून पोट भरणारी, यजमान वारलेले, लेक लग्न होऊन दूर गेलेली. नेर्लेकराने पुसले, "मग तात्या हे नाव का?" ती म्हणाली, "बाईचं नाव लावलं हुतं आदी, तर ह्ये सगळे महाराज गुलाब घिऊन मागं. मिशी लावली तशी गपगार झाली समदी." मग रविवारी रविवारी बोलणे होऊ लागले. आत सरदार मरत, बाहेर ही दोघे वरणफोडणी, बाह्यांची मापे, हुपरीचा उन्हाळा आणि तेलंग देशची चिंच यांवर बोलत. तरी नेर्लेकराचे डोळे दरवाजाकडे. म्हणे, "एकदा आत घेतलं की झालं, बाई. मग मी जथ्याचा माणूस." ती म्हणे, "घेत्यात घेत्यात. धरा तुमी चाक."

मग आश्विन मासीं एक रविवार उगवला. ते दिवशी कालभुजंगांचा जथा आपले दरवाजापुढे खोळंबला होता, कारण प्रथम कोणाचा झेंडा जावा यावर त्यांत वाद पडला, आणि तो वाद दिवाळीपर्यंत चालला ऐसे पुढे ऐकिले. इकडे रणमार्तंड आत गेले. धूम्राक्षाचे आयुष्य चिमूटभर उरले, आणि सरदारांचे तेवढेही उरले नाही. तेव्हा दिवाण ओरडले, "वैद्य कुठंय? कोण आहे वैद्य?" कोणी म्हणे मला वाटले तू, कोणी म्हणे मला वाटले तो. मग एकास स्मरले की आपला वैद्य चाकावर आहे. महाराजांनी हुकूम केला, "नवादोन, आत ये लगेच!" नेर्लेकर म्हणाला, "मुजरा महाराज, मी चाक सोडलं तर दार बंद होईल, मग मी आत कसा येऊ? एक सरदार पाठवा चाकावर." आत चाळीस सरदार मरणाचे दारी उभे, परंतु चाक धरावयास एकही निघेना. सरसेनापती म्हणाले हे महासेनापतीचे काम, महासेनापती म्हणाले हे अतिसेनापतीचे काम, आणि अतिसेनापतींनी तर आपला माईक बिघडल्याचे लिहून कळविले. तेव्हा रत्नप्रभाबाई आपले चाक सोडून आली आणि म्हणाली, "जावा तुमी. मी धरते. आमचं अजून झेंड्यावरच चाललंय." नेर्लेकर म्हणाला, "तुमच्या लोकांना कळलं तर?" ती म्हणाली, "तुमाला आत जायाचं हाय न्हवं? मग जावा की!" मग नेर्लेकर प्रथमच किल्ल्यांत गेला, आणि त्याने एकेकाची जखम भरली, आणि सरदार उठले, आणि धूम्राक्ष पडला. महाराजांनी मुकुट उचलिला आणि स्वतःचा जयजयकार स्वतः आरंभिला. फलक लागला. त्यावर चाळीस नावे लागली, वैद्याचे नाही. तरी नेर्लेकरास आनंद ऐसा की जणू मुकुट त्याचेच मस्तकीं.

आता असुर मेला की किल्ल्यांत विषारी धूर भरू लागतो, सबब त्वरेने बाहेर निघावे लागते. नव्या मनुष्याने पुढे जाऊन दरवाजा सांभाळावा या चालीप्रमाणे नेर्लेकर आधी बाहेर आला. मागून महाराज मुकुट घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि थबकले, कारण चाकावर तडफदार तात्या दिसला. दिवाण म्हणाले, "महाराज, थांबा! हे शत्रूनं धरलेलं दार आहे. यातून बाहेर पडलो तर उद्या सगळीकडे आपले मीम फिरतील." महाराज म्हणाले, "बरोबर. नवादोन, ढकल त्याला खंदकात आणि चाक तू धर. एवढं केलंस की आजच सरदारकी. कायमचा आत." असुराचे हातून मेला तो जसाच्या तसा उठतो, परंतु खंदकांत पडला अथवा धुरांत गुदमरला तो आजवरची सर्व कमाई गमावून पुन्हा लंगोटीवर जन्मतो, ऐसा त्या राज्याचा कायदा. ज्या वचनासाठी नेर्लेकराने आषाढापासून लाकडे फोडिली ते वचन समोर उभे होते, आणि एका धक्क्याचे अंतर होते. तो म्हणाला, "महाराज, त्या होतील बाजूला, मी धरतो. ढकलायचं कशाला?" दिवाण म्हणाले, "शत्रू हाताशी आला तर सोडायचा नाही, नियम आहे." नेर्लेकर म्हणाला, "त्या नसत्या तर मी आत आलो असतो का? तुम्ही उठला असता का? नाही ढकलणार. तुम्ही बाहेर या ना, दार उघडं आहे." आणि हे बोलताना मुजरा लिहावयाचा विसरला. तो आतून गलका उठला, "त्या? त्या म्हणजे? बाई आहे ती?" नेर्लेकराचे तोंडी तीळ भिजत नाही तो नाहीच. मग शत्रूने उघडलेले दार, त्यांत बाईने उघडलेले दार, ऐसी इभ्रत दुप्पट अडचणींत आली. धूर गुडघ्यापर्यंत आला. कोणी म्हणाले दार आधी बंद करवावे आणि मग आपल्या हाते उघडावे. परंतु बाहेर आपला हात एकच, तो नेर्लेकराचा, आणि त्याने तर नुकताच हुकूम मोडिला होता. कोणी म्हणाले पाठमोरे निघावे, म्हणजे निघाल्याचे धरले जाणार नाही. यावर मसलत चालली. धूर छातीपर्यंत आला. बाहेरून रत्नप्रभाबाई ओरडू लागली, "अवो या की भाईर! मुजरा नगं का काय नगं मला! गॅसवर कुकर हाय, किती वेळ धरू?" महाराज म्हणाले, "उत्तर देऊ नका तिला." मग धूर नाकातोंडांत गेला आणि सेनापती पडले, महासेनापती पडले, आणि महाराज मुकुट घट्ट धरून उंबऱ्यावर पडले, आणि मुकुट वाफ होऊन गेला. दरवाजा सताड उघडा होता. शेवटचा सरदार पडेपर्यंत त्या बाईने अंगठा उचलला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्या दिवशी जळून गेला तो सुंभच, पीळ पुढचे जन्मास गेला.

सरदार लंगोटीवर जन्मले आणि तत्काळ सभा भरविली. नेर्लेकरावर आरोप ठेविले की शत्रूशी बोलला, हुकूम मोडिला, मुजरा चुकविला, आणि धनी मेला असता आपण जिवंत राहिला. नेर्लेकराने लिहिले, "माझं ऐकून तरी घ्या," तो दिवाणांनी त्यास जथ्यांतून काढिले, आणि त्याचे शब्द पुसून गेले. तिकडे कालभुजंगांसही झेंड्याचे वादांतून क्षणभर फुरसत मिळाली, तेवढ्यांत त्यांनी रत्नप्रभाबाईस काढिले. नेर्लेकराने यंत्र पालथे ठेविले. डबा तसाच झाकलेला. या वयांत एका खेळांतील जथ्यांतून काढिले म्हणून आपण रडतो याची त्यास लाज वाटली, आणि तरी तो रडला, कारण आता त्याचे कोठेच कोणी नव्हते. मग यंत्र वाजले. मागे एकदा नेट गेले तेव्हा बाईंनी त्याचा नंबर घेऊन ठेविला होता. ती म्हणाली, "नेर्लेकर, मला बी काढलं त्यांनी." हा म्हणाला, "माझ्यामुळे झालं, बाई." ती म्हणाली, "झालं तर झालं. कुकर करपला, त्ये जरा वाईट झालं. तुमी जेवलासा काय?" त्या मुलुखांत गेल्यापासून हे त्यास कोणी पुसले नव्हते. मग म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग जेवा आदी. फोन ठिवू नगा, जेवता जेवता बोला." मग त्याने डोळे पुसून डबा उघडिला, आणि जेविला, आणि सांजवेळेपर्यंत बोलत राहिला, आणि ती मशीन चालवीत मध्ये मध्ये "बरं, मग?" म्हणत गेली.

ऐसी हकीकत. रणमार्तंड जथा आहे तैसाच आहे, सरदार वाढले आहेत, मुकुट पुन्हा उठलेल्या असुराकडे, आणि वैद्याचा रकाना अद्याप नाही. नेर्लेकर आणि मगदूमबाई रविवारी त्याच राज्यांतील ओढ्याकाठी बेडूक मारतात. प्रगती म्हणावी तर हल्ली जरा थोराड बेडूक मरतात. प्रस्तुत लेखकाने ही बखर त्या दोघांस हसावे म्हणून हाती घेतली होती, आणि ओढ्याकाठी जाऊन हसून पाहिलेही. त्यांचे बोलण्यांत आमचे हसणे कोणास ऐकू गेले नाही. आम्ही त्या राज्यांत बहुत वर्षे आहो, पदवी मोठी आहे, मुजरे नित्य येतात. जेवलासा काय म्हणून आम्हांस अद्याप कोणी पुसले नाही. हे लिहिणे.